मी, जिना चढणारी हिरवी गाडी

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण रस्त्यावर पळणारी नव्हे, जिना चढणारी. मला इंजिन नाही, दिवे नाहीत. उभा लोखंडी सांगाडा, खाली सामान ठेवायला फळी, वर धरायला दांडी आणि दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोणी पत्रा. त्या पत्र्याच्या तिन्ही टोकांना तीन छोटी चाके. सपाट जमिनीवर त्यांतली दोन धावतात आणि तिसरे वर आरामात बसून असते. पायरी आली की मात्र त्याची पाळी! ते कोलांटी घेऊन पायरीवर जाऊन बसते, बाकीची त्याच्या मागून येतात, आणि बघता बघता मी वर पोहोचते. माझा रंग हिरवा आहे. तो कोणी हौसेने निवडला असे समजू नका. त्या दिवशी डब्यात तेवढाच उरला होता.

माझा जन्म लोखंडी कपाटांच्या कारखान्यात झाला. खाली पत्रा कापण्याची घरघर, रंगाचा उग्र वास आणि दारे लावून बघतानाची धाडधाड. वर कचेरी आणि नकाशे काढण्याची खोली. वरचे खाली येत नसत, खालचे वर जात नसत. दोघांच्या मध्ये एक जिना होता आणि त्या जिन्यावरून बहुतेक वेळा फक्त चहा ये-जा करी.

वरच्या खोलीत एक नवी इंजिनिअर मुलगी लागली होती. तिच्याकडे बिजागऱ्यांचे काम होते. सकाळी बिजागरी, दुपारी बिजागरी. पण तिला एक खोड होती. ती प्रत्येक गोष्टीला "का?" असे विचारी. बिजागऱ्या तीनच का? दार उजवीकडेच का उघडते? कारखान्याने तिचे नाव 'का-बाई' ठेवून टाकले. ती चिडली नाही. "बरं झालं," ती म्हणाली, "हो-बाई तरी नाही म्हणत!"

एकदा गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचलेल्या कपाटांच्या बिजागऱ्या वाकलेल्या निघू लागल्या. इथून धड जातात, मग तिथे वाकड्या का? ते पाहायला का-बाई माल पोहोचवणाऱ्या ट्रकमधून गेली. चार हमाल कपाट घेऊन तिसऱ्या मजल्यावर निघाले होते. त्यांचा म्होरक्या रुंद खांद्यांचा, मिश्कील माणूस. त्याला सगळे 'दादा' म्हणत. वळणावर कपाट निसटले. दादांनी त्याला पाठ लावली. कपाटाला ओरखडासुद्धा आला नाही, पण दादांची पाठ मात्र गेली. कितीतरी आठवडे ते अंथरुणाला खिळून होते. का-बाई परत आली ती बिजागरी विसरूनच.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्याच्या मोठ्या साहेबांसमोर उभी राहिली. शेजारी विक्रीसाहेब बसले होते. कडक इस्त्रीचे कपडे, खिशात कंगवा, आणि माल विकण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही असा लौकिक.

"साहेब, जिना चढणारी गाडी करून बघू का?"

"आपण कपाटं विकतो बाई," विक्रीसाहेब म्हणाले. "आज गाडी करा म्हणताय, उद्या कपाटाला पंख लावा म्हणाल."

मोठ्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मागची रंगाची खोली रिकामी आहे. शनिवारी दुपारनंतर ती तुमची. भंगारातलं हवं ते घ्या. पण एक अट आहे."

"जमलंच पाहिजे, हीच ना?"

"छे! ते कोणाच्या हातात असतं? अट अशी, की जे पडेल, मोडेल, फसेल ते झाकायचं नाही. मला आणून दाखवायचं."

अशी मला जन्माआधीच एक खोली मिळाली. आता मला जोडणारे हात हवे होते. ते मिळाले कारखान्यातल्या मामांचे. मामा म्हणजे खालच्या कामाचे प्रमुख. बोलणे फणसासारखे काटेरी. "मी काही यायचा नाही," त्यांनी सांगून टाकले. "शनिवारी दुपारी मी झोपतो." शनिवारी दुपारी ते खोलीच्या दारात हजर! "घरी पाहुणे आलेत," ते पुटपुटले, "झोप कुठली लागायला." त्यानंतर त्यांच्या घरी दर शनिवारी पाहुणे येऊ लागले.

मोडक्या खाटेचा सांगाडा, जुन्या सायकलची दांडी आणि लाकडाची चाके यांतून मी उभी राहिले. दिसायला ओबडधोबड होते, पण का-बाई माझ्याकडे अशी बघे, जणू मी राजवाड्यातला रथच.

माझी पहिली परीक्षा त्या मधल्या जिन्यावर झाली. सगळा कारखाना गोळा झाला. माझ्यावर एक रिकामे कपाट बांधले होते. मी एक पायरी चढले, दुसरी चढले. लोकांनी माना उंचावल्या. आणि वरच्या टोकाला, साहेबांच्या दारापाशी पोहोचता पोहोचता, कडाड्! चाक फुटले, दोर सुटला, कपाट पुढे आणि मी मागे. मी गडगडत खाली आले. खालून चहाचा कप घेऊन येणारे विक्रीसाहेब भिंतीला पालीसारखे चिकटले म्हणून वाचले. वर कपाट साहेबांच्या दारात आडवे झाले आणि त्याचे दार करकरत आपोआप उघडले, जणू म्हणत होते, "या, बसा."

मग कोणीतरी फिस्सकन हसले आणि मग काय, सगळा कारखाना पोट धरून हसू लागला. का-बाई मात्र पांढरीफटक पडली होती. साहेब बाहेर आले. "दाखवायला आणा म्हटलं होतं," ते म्हणाले, "दारात आणून टाका नव्हतं म्हटलं." मग ते जिना उतरून खाली आले, माझ्याशेजारी चक्क पायरीवर बसले आणि त्यांनी विचारले, "कुठलं चाक आधी गेलं?"

मित्रांनो, मी तेव्हा उताणी पडले होते, तरी तो प्रश्न मला आजही आठवतो. चूक कोणाची, असे त्यांनी विचारले नाही. चाक कोणते, असे विचारले. का-बाईच्या गालांवर रंग परत आला. "डावं, साहेब," ती म्हणाली. "लाकूड नाही चालणार. रबर हवं." आणि ती बोलतच सुटली.

रबराची चाके आली, मी चालू लागले. पण खरी अडचण पुढे होती. दादांच्या जागी एव्हाना दुसरा हमाल आला होता; दादा बरे होऊन हलक्या कामावर परतले आणि मला पाहायला आले. ते हसले नाहीत. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाई, गाडी झकास आहे. ही चालली की आम्ही बसलो."

"म्हणजे?"

"चौघांचं काम दोघांत होणार. मग उरलेल्या दोघांनी काय करायचं? घरी बसून माशा मारायच्या?"

सगळ्यांना 'का' विचारणाऱ्या का-बाईने, मला जे ढकलणार होते त्यांना काहीच विचारले नव्हते. मामा खाकरले. का-बाईने गोड गोड आश्वासन दिले नाही. ती म्हणाली, "दादा, याचं उत्तर माझ्याकडे नाही. साहेबांकडे जाऊ. पण मी एकटी नाही जाणार. तुम्हीही चला."

त्या दिवशी दादा आयुष्यात पहिल्यांदा, पाठीवर ओझे न घेता, कचेरीचा जिना चढले. मलाही पुरावा म्हणून नेले होते, त्यामुळे पुढचे सगळे मी माझ्या कानांनी ऐकले.

साहेबांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "चौघांच्या दोन जोड्या करू. एका वेळी दोन घरी माल पोहोचेल. या गाडीपायी एकाही माणसाला काढणार नाही."

"शब्द?" दादांनी विचारले.

"शब्द."

"मग झालं!"

"झालं कुठे? तुमची पाठ आता ओझं उचलायची नाही. उचलू दिलं तर मीच गाढव. तुम्ही या गाडीला जिना शिकवा, आणि मग लोकांना ही गाडी शिकवा. पगार तोच, काम नवं. जमेल?"

दादा हसले. त्यांचे ते हसू मी पहिल्यांदा पाहिले. "गाडीचं बघतो," ते म्हणाले, "पण लोकांचं सांगता येत नाही. लोक गाडीपेक्षा हट्टी असतात."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत तिघे झाले आणि भांडणांना रंग चढला. दादांनी आल्या आल्या फर्मान काढले, "हिला घंटी पाहिजे." मामा म्हणाले, "ही काय सायकल आहे?" घंटी बसवली, आणि मग लक्षात आले की दोन्ही हातांनी दांडी धरल्यावर ती वाजवायला तिसरा हात कुठून आणायचा! पण दादांनी ती काढू दिली नाही. "राहू दे. शोभेला."

मग त्यांनी कामाचे बोलायला सुरुवात केली. "चढताना ठीक आहे, पण उतरताना ही बया अंगावर येते." का-बाईने ब्रेकचा नकाशा काढला, मामांनी ब्रेक घडवला. तो इतका घट्ट बसला की मी जागची हलेना. सैल केला तर मी थांबेना. मामा म्हणाले नकाशा चुकला, का-बाई म्हणाली घडण चुकली, दादा म्हणाले तुम्ही भांडा, मी चहा सांगतो. चहा होता होता तिघांना कळले की नकाशाही थोडा चुकला होता, घडणही थोडी चुकली होती, आणि दादा दाबत होते तेही उलट्या बाजूने. मग मात्र ब्रेक असा बसला, की भरल्या कपाटासकट मी अर्ध्या जिन्यावर स्वस्थ उभी राहू लागले.

पण अजून मी कारखान्याच्या बाहेर पाऊल टाकले नव्हते. तो योग आणला, कोण म्हणता, विक्रीसाहेबांनी! दातांच्या एका डॉक्टरांना त्यांनी जाड पत्र्याचे, आगीतही टिकणारे भारी कपाट विकले होते. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, आणि दवाखाना उघडायच्या आत कपाट पोहोचवण्याचा शब्द देऊन बसले होते. नेमके दोन हमाल तापाने आडवे झाले.

"गाडी नेऊ," दादा म्हणाले.

"ते हिरवं भूत?" विक्रीसाहेब ओरडले. "दातांच्या दवाखान्यात नेताय, आपलेच दात घशात जातील!"

पण दुसरा उपाय नव्हता. आम्ही निघालो. का-बाई आणि विक्रीसाहेबही सोबत आले. तिथे पोहोचेपर्यंत दवाखाना उघडला होता आणि जिन्यात पेशंटांची रांग लागली होती. गाल धरून उभी राहिलेली माणसे भिंतीला सरकून आम्हाला वाट देत होती. पहिला मजला झाला, दुसरा झाला. दोन हमालांनी दांडी धरली होती आणि दादा पायरीगणिक हाकारे देत होते. मग आले वळण. जागा इतकी अरुंद, की माझे एक चाक हवेत लोंबकळू लागले. कपाट कलले.

दादा ओरडले, "ब्रेक!"

का-बाईने ब्रेक दाबला. मी सगळी ताकद लावून पायरीला धरून राहिले. मित्रांनो, लोखंडाला घाम येत नाही म्हणतात. त्या क्षणी मला तो आला असावा.

"खालून एक खांदा पाहिजे!" दादांनी इकडे तिकडे पाहिले. दादांची पाठ चालणार नव्हती. हमालांचे हात गुंतले होते. "विक्रीसाहेब, खांदा!"

विक्रीसाहेबांनी आपल्या इस्त्रीकडे एकदा पाहिले, डोळे मिटले आणि माझ्या फळीखाली खांदा घातला. "ढकला!" ते स्वतःच ओरडले. मी हलले, लोंबकळणारे चाक गिरकी घेऊन पायरीवर टेकले आणि पुढच्या काही कोलांट्यांत मी दवाखान्याच्या दारात उभी होते. एका आजोबांनी तर दुखऱ्या गालावरचा हात काढून टाळ्या वाजवल्या.

डॉक्टर बाहेर आले. त्यांनी कपाटाकडे जेमतेम पाहिले. "ही गाडीही विकता का हो? माझ्या भावाचं फ्रीजचं दुकान आहे."

विक्रीसाहेब धुळीने माखले होते. केस विस्कटले होते. पण त्यांनी खिशातून कंगवा काढला, भांग नीट केला आणि छाती फुगवून म्हणाले, "विकतो म्हणजे काय! तेच तर आमचं नवीन काम आहे."

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी विचारले, "आज काय विकलंत?"

"गाडी."

"कोणती गाडी?"

"आपल्याकडे एकच तर आहे, साहेब!"

दोघेही इतके हसले की मामा खालून बघायला आले, वर काय कोसळले म्हणून.

मग माझे दिवस पालटले. माझ्यावरून माप घेऊन माझ्या धाकट्या बहिणी घडू लागल्या. लाल, चकचकीत, माझ्यापेक्षा हलक्या. दादा गावोगाव जाऊन दुकानदारांना गाडी शिकवत. आणि ते एकटे परत येत नसत, तक्रारी घेऊन येत. त्या ऐकायला आता विक्रीसाहेबसुद्धा आमच्या खोलीत येऊन बसत. वर्तमानपत्रात माझा फोटोही छापून आला. त्यात मी अर्धीच आले. उरलेल्या अर्ध्या जागेत विक्रीसाहेब होते.

का-बाईला बढती मिळाली. ती आता नकाशे विभागाची प्रमुख झाली. तिला वेगळी खोली, काचेचे दार, फिरती खुर्ची मिळाली. सगळ्यांनी कौतुक केले. माझाही ऊर भरून आला. पण प्रमुखाला शनिवारी दुपारी बैठका असतात. पहिल्या शनिवारी ती आली नाही, दुसऱ्या शनिवारी धावत येऊन गेली, आणि मग यायचीच थांबली. मामा काही दिवस एकटे येऊन बसत. मग त्यांच्या घरचे पाहुणेही यायचे बंद झाले.

आमच्या खोलीची अडगळ झाली. मोडक्या खुर्च्या, रिकामे डबे. माझ्या दांडीवर फरशी पुसायची ओली फडकी वाळत पडू लागली. कारखान्यात नवी माणसे लागली. त्यांना वाटे, मी झाडूवाल्यांची गाडी. वाईट वाटले, पण त्याहून वाईट याचे वाटले, की त्या खोलीत आता कधी काहीच मोडत नव्हते. जिथे काही मोडत नाही ना मित्रांनो, तिथे बहुधा काही घडतही नाही.

अशी काही वर्षे गेली. मग एके दिवशी दार उघडले आणि मामांच्या मागून का-बाई आत आली. कानांजवळचे केस पांढरे झाले होते. तिने माझ्यावरची फडकी काढली आणि चांगले कपडे असूनही ती धुळीने भरलेल्या माझ्या फळीवर बसली.

"मामा, इतर कारखान्यांच्या गाड्या आपल्यापेक्षा चांगल्या निघाल्या. विक्रीसाहेब आज बैठकीत विचारत होते, नवीन काय आहे. कोणाकडेच काही नव्हतं. माझ्याकडेही."

मामांनी एक डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. "तू वर गेलीस, चांगलंच झालं गं. आम्ही सगळ्यांना सांगत फिरलो. पण जाताना जिना गुंडाळून घेऊन गेलीस."

ती उठली, माझी दांडी धरली आणि स्वतः मला ढकलत कचेरीच्या जिन्यावरून वर नेले. माझी चाके कुरकुरत होती, पण एक पायरी चुकली नाही. मोठ्या साहेबांच्या खोलीत तिने मला उभे केले.

"साहेब, मला खाली पाठवा."

साहेब आता म्हातारे झाले होते. त्यांनी चष्मा काढला. "खाली? अहो, माणसं वर यायला धडपडतात. तुम्हाला खाली पाठवलं तर लोक म्हणतील, हिनं काहीतरी गुन्हा केला."

"तेच तर चुकतंय. चांगलं काही घडवलं की आपण त्या माणसाला बक्षीस म्हणून घडवण्यापासून लांब नेतो. माणसं सांभाळणं हे काम ज्यांना आवडतं, जमतं, त्यांना खुशाल ती खुर्ची द्या. मला नव्या गोष्टी करता येतात, आणि दुसऱ्यांना करायला शिकवता येतात. ते करूनही माणूस मोठा होतो, असं एकदा होऊ द्या."

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. काच झिजेल की काय असे मला वाटले. "माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं," ते शेवटी म्हणाले. "बढतीची वाट एकच ठेवली, म्हणून सगळी गर्दी तिथेच झाली."

त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात मोठे होण्याच्या दोन वाटा झाल्या. एक माणसे सांभाळण्याची, दुसरी नवे घडवण्याची. मान दोन्हीकडे सारखा, पगारही सारखा. का-बाईला 'प्रयोगप्रमुख' हे पद मिळाले आणि खोलीला रंग. शनिवारची दुपार सगळ्या कारखान्यासाठी खुली झाली. नकाशे काढणाऱ्याने दादांबरोबर गिऱ्हाइकांकडे जायचे, विकणाऱ्याने लोखंड घासायची कानस हातात धरायची. पहिल्याच शनिवारी विक्रीसाहेबांनी बोट कापून घेतले आणि पट्टी बांधलेले ते बोट आठवडाभर सगळ्यांना दाखवत फिरले.

मोठ्या साहेबांनी माझ्यासाठी फाटकाशी काचेची पेटी करवून घेतली. मला घासूनपुसून तीत ठेवायचे, खाली पितळी पाटी लावायची, असे ठरले. मीही मनातल्या मनात नटून बसले होते.

तेवढ्यात हिशेब विभागातली एक बाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. फार संकोचून म्हणाली, "मला यंत्रांतलं काही कळत नाही. पण माझे वडील चौथ्या मजल्यावर राहतात. पाय गेल्यापासून खाली उतरलेच नाहीत. कपाट जिना चढतं, तर माणूस नाही का चढणार?"

"आत या," का-बाई म्हणाली. "बसा. आधी सांगा, जिना केवढा रुंद आहे?"

खुर्चीचा सांगाडा तयार झाला. चाके मात्र हवी तशी मिळेनात. मामा एकदा खुर्चीकडे बघत, एकदा माझ्याकडे. दादांनी डोळे मिचकावले. आणि मी पेटीत जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी माझे दोन्ही त्रिकोण, चाकांसकट, अलगद सोडवून घेतले.

सकाळी साहेब पाटी घेऊन आले. पेटी रिकामी. "गाडी कुठे आहे?"

"जिन्यावर, साहेब," दादा म्हणाले.

ती खुर्ची वाळूचे पोते बसवून पुष्कळदा पडली. दर वेळी सगळे तिच्याभोवती बसले आणि कोणता सांधा आधी सुटला ते शोधत राहिले. वाळूचे पोते पडेनासे झाले, तेव्हाच माणसाची पाळी आली. काल त्या बाईचे वडील तिच्यात बसून चार मजले उतरले. खाली आल्यावर ते फक्त म्हणाले, "जरा थांबा," आणि रस्त्यावरची येणारी-जाणारी माणसे पाहत कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. दादांनी हे सांगितले तेव्हा मामा उगाचच नाक पुसू लागले.

मित्रांनो, मी सध्या चाकांवाचून, विटांवर उभी आहे, आणि मजेत आहे. काचेची पेटी डबे ठेवायच्या कामी येते. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वस्तू जपा, पण नुसत्या पुसून ठेवू नका. त्यांतले कामाचे काढून घ्या. आणि तुमच्यातले कोणी कधी काही वेडेवाकडे, अर्धवट, पडणारे असे घेऊन तुमच्यापुढे आले, तर हसा खुशाल, हसू आवरत नाही हे मला ठाऊक आहे. पण हसून झाले की त्याच्याशेजारी पायरीवर बसा आणि त्याला काय झाले ते विचारा.

ते वडील आज पुन्हा खाली उतरणार आहेत. उद्या बागेपर्यंत जायचे म्हणतात.